देवनारची भट्टी कशावर चालणार?

देवनारच्या डंपिंगवर रोज ६०० टन कचरा जाळून वीज तयार करणारा प्रकल्प उभारला जात आहे. त्याच्या खर्चाबद्दल, पुढे पुढे गेलेल्या मुदतींबद्दल आणि चिमणीबद्दल पुष्कळ बोलून झाले आहे. त्या भट्टीत रोज सकाळी नेमके काय पडणार, हे मात्र फारसे कुणी विचारलेले नाही. कचरा जाळण्याच्या सगळ्या धोरणाचे बरेवाईट त्याच उत्तरावर ठरणार आहे.

हिशेब महापालिकेच्याच आकड्यांवरून मांडता येतो. मुंबईत दररोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा गोळा होतो. पालिकेच्या पर्यावरण स्थिती अहवालात त्याची फोड दिलेली असते. त्यात ७० टक्क्यांहून जास्त वाटा अन्नाचा आणि भाजीपाल्याचा, म्हणजे ओल्या कचऱ्याचा आहे. माती, वाळू, दगड १७ टक्क्यांच्या आसपास. प्लास्टिक ३ टक्क्यांच्या थोडे वर, लाकूड आणि कापड जवळपास तेवढेच, कागद आणि पुन्हा वापरात येणाऱ्या इतर वस्तूही तेवढ्याच. माती जळत नाही आणि ओले जळायला तयार नसते. राहिले १० टक्के, म्हणजे साधारण ६५० टन. त्यातला कागद, पुठ्ठा, बाटल्या आणि डबे वेचून भंगारात विकले जातात आणि जायलाच हवेत. ते वजा केले तर खरोखर जाळण्याजोगा माल ४०० टनांच्या घरातही मुश्किलीने भरतो. एखादा टक्का इकडेतिकडे झाला, तरी भट्टीचे तोंड तिच्या घासापेक्षा मोठे ठरते. शिवाय दुसऱ्या टप्प्यात आणखी १,२०० टनांची भट्टी बांधण्याचे बेत पालिकेने यापूर्वीच बोलून दाखवले आहेत. १,८०० टन जाळण्याची सोय करायची, तर तेवढा कोरडा, निरुपयोगी कचरा या शहराने आणायचा कुठून?

मग दोनच वाटा उरतात. एक, कचरावेचकांच्या हातात जाणारा कागद आणि प्लास्टिक त्यांच्याआधी उचलून भट्टीत घालायचे. दुसरी, ओला कचराच सुक्यात मिसळून आत ढकलायचा. अशा प्रकल्पांचा देशातला अनुभव पाहिला तर बहुतेक वेळा दुसरी वाट धरली जाते आणि पहिली तिच्या जोडीने आपोआप येते.

ओल्या सरपणावर चूल पेटवून पाहिलेल्या कुणालाही पुढचे सांगायला नको. उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते आणि घर धुराने भरते. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या साहाय्याने रोज ३०० टन कचरा जाळण्याचा प्रकल्प उभारला गेला. तो जेमतेम २१ दिवस चालला. यंत्रे नवी होती, तंत्रज्ञ जाणकार होते, पण दिल्लीच्या कचऱ्यात जळण्याइतका दमच नव्हता. युरोपातल्या माणसाच्या डब्यात खोकी आणि वेष्टने असतात, आपल्या डब्यात मेथीची देठे, कालची आमटी आणि आंब्याच्या कोयी असतात. मुंबईत त्यावर चार महिन्यांचा पाऊस पडतो. नव्या प्रकल्पांत कचरा काही दिवस खड्ड्यात ठेवून त्यातले पाणी निथळू देतात, हे खरे. पण निथळलेले ते काळे पाणीही शुद्ध करावे लागते आणि जुलैतल्या मुंबईत काहीही किती वाळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्याच राज्यात याचा पडताळा मिळतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेचा मोशीचा प्रकल्प ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता रोज ७०० टनांची आणि वीज १४ मेगावॉट. देवनारचा करार झाला तेव्हा ६०० टनांतून जाहीर केलेली वीज होती ४ मेगावॉट. पुढे हा आकडा वाढवून सांगितला गेला, पण पहिला अंदाज बोलका होता. मोशीत भट्टीच्या आधी कचरा निवडण्याची आणि चाळण्याची व्यवस्था आहे. देवनारला कचरा जसा येईल तसा जाळण्याचे तंत्र निवडले गेले. दोन आकड्यांमधल्या तफावतीचा मोठा भाग या निवडीत आहे. देखभालीसह हजार कोटी रुपयांच्या पुढे जाणाऱ्या खर्चात ४ मेगावॉट वीज मिळणार असेल, तर या प्रकल्पाला वीजनिर्मितीचा प्रकल्प म्हणून मिरवू नये. ही कचरा नाहीसा करण्याची महागडी सोय आहे आणि तिची परीक्षा त्याच कसोटीवर व्हावी.

ओलेपणाचा प्रश्न विजेपुरता असता तर तोटा पैशांचाच झाला असता. तो आरोग्याचाही आहे. जळणाऱ्या कचऱ्यातले वायू ८५० अंशांच्या वर किमान दोन सेकंद राहिले, तर त्यातली विषारी संयुगे मोडतात. ओल्या मालाची खेप आत पडली की तापमान घसरते. पीव्हीसीसारखे क्लोरीन असलेले प्लास्टिक त्याच वेळी जळत असले की डायॉक्सिन तयार होण्याचा धोका वाढतो. नियमांनी त्याची मर्यादा एका घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅम ठेवली आहे, कारण ही द्रव्ये शरीरातल्या चरबीत साठतात, आईच्या दुधातून बाळापर्यंत पोहोचतात आणि कर्करोगाशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. चिमणीतली धूळ किंवा गंधकाचा वायू चोवीस तास पडद्यावर दाखवता येतो, डायॉक्सिन तसे दिसत नाही. नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा, अहवालाची वाट पाहायची. नमुना घेण्याच्या दिवशी भट्टीत चांगला, कोरडा माल घातला तर वर्षभराचे चित्र स्वच्छ दिसते. म्हणून चिमणीवरच्या गाळण्या कितीही उत्तम असल्या, तरी राखण करायची ती भट्टीच्या तोंडाशी.

जळून झाल्यावर वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा राख म्हणून उरतो आणि कचऱ्यात मातीच इतकी असेल तर त्याहूनही जास्त. गाळण्यांत अडकलेली बारीक राख तर घातक कचऱ्यात मोडते. ती वेगळी पुरावी लागते. म्हणजे भट्टी आली म्हणून डंपिंग संपत नाही.

हे सगळे कुणाच्या नाकाखाली होणार आहे? देवनारचे डंपिंग १९२७ पासूनचे. शहराचा कचरा पूर्वेला नेण्याची वहिवाट त्याहूनही जुनी आहे. कुर्ला-चेंबूर रेल्वेमार्ग १९०६ मध्ये घातला गेला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी, प्रवाशांना त्यावर जागा मिळाली १९२४ मध्ये. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारला आग लागली आणि धूर घाटकोपर-चेंबूरपर्यंत पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, अवकाशातून काढलेल्या छायाचित्रांत तो लोट दिसला. त्यानंतर महिनाभरात मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय होईपर्यंत नव्या बांधकामांना मनाई केली. शहर हलले ते तेव्हा. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगणवाडीतल्या लोकांसाठी मात्र धूर ही एका आठवड्याची बातमी नव्हती. रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळणारी भट्टीही वर्षानुवर्षे याच परिसरात धुमसत राहिली. रहिवाशांनी जनहित याचिका केली, तेव्हा कुठे सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ती दोन वर्षांत रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात हलवायला सांगितले. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात, गोवंडी ज्यात येते तो एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. अशा वस्तीला आणखी एक चिमणी देताना पालिकेने पुराव्याचे ओझे स्वतःच्या डोक्यावर घ्यायला हवे. हवा बिघडली हे गोवंडीच्या माणसाने सिद्ध करायचे, ही रीत बंद झाली पाहिजे.

उपनगरांतल्या सुखवस्तू वस्त्यांनी इथे स्वतःकडेही पाहावे. बोरिवलीकरांच्या अंगावर गोराईचे डंपिंग होते. २००७ मध्ये ते बंद झाले, शास्त्रीय पद्धतीने झाकले गेले, देशात त्याचे कौतुक झाले. मालाडला चिंचोली बंदरचा कचरा बुजवून त्यावर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. मुलुंडचे २४ हेक्टरचे डंपिंग ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाले आणि तिथला ७० लाख टन जुना कचरा उपसण्याचे ७३१ कोटींचे काम दिले गेले. या प्रत्येक ठिकाणी लोक चिकाटीने लढले होते आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. पण डंपिंग बंद झाल्याने कचरा बंद झाला नाही. बोरिवलीचा कचरा गोराईच्या हस्तांतरण केंद्रातून, अंधेरीचा वर्सोव्यातून मोठ्या गाड्यांत भरून शहर ओलांडतो आणि कांजूरमार्गला जातो. मुंबईचा बहुतेक कचरा आता तिथेच पडतो. विक्रोळीच्या कन्नमवारनगर आणि टागोरनगरात रात्री खिडक्या लावून झोपावे लागते.

आणि कांजूरमार्गचाही भरवसा उरलेला नाही. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या जवळपास १२० हेक्टर जागेला संरक्षित वनाचा दर्जा परत दिला आणि अंमलबजावणीसाठी पालिकेला तीन महिन्यांची मुदत दिली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली म्हणून गाड्या चालू राहिल्या. इकडे देवनारचा १८५ लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी दोन हजार कोटींहून मोठे काम काढले गेले, कारण तिथली १२४ एकर जागा धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायची आहे. जागा जाते आहे, न्यायालये विचारीत आहेत, मुदती संपत आहेत. अशा घाईत भट्टी हा सर्वांत सोपा उपाय वाटू लागतो. टाकायला जागा नाही ना, मग जाळा. या घाईचीच खरी भीती वाटते, कारण भट्टी बांधायला पाच-सहा वर्षे लागतात आणि एकदा बांधली की पंधरा-वीस वर्षे ती भरत राहावी लागते. करार तसे असतात. रोज इतके टन देणे शहरावर बंधनकारक होते आणि मग ओला-सुका वेगळा करणाऱ्या सोसायटीचे काम पालिकेच्या हिशेबात तूट म्हणून दिसू लागते.

डेन्मार्कने हे भोगले आहे. कचरा जाळण्यात त्या देशाचा हात धरणारे थोडेच. कोपनहेगनच्या भट्टीच्या छपरावर तर बर्फावाचून स्कीइंग करण्याची टेकडी केली आहे. पण फेरवापर वाढू लागला तशी भट्ट्यांची भूक देशातल्या कचऱ्याने भागेना, परदेशातून कचरा आणून जाळावा लागला. अखेर २०२० मध्ये तिथल्या सरकारने जाळण्याची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी कमी करण्याचे ठरवले. तिथे निदान भट्टीच्या उष्णतेवर घरे तरी उबदार राहतात. घाटकोपरला कुणाच्या घरात गरम वाफ नळाने सोडायची आहे? आपल्याकडे ती उष्णता वाया जाणार, हाती येणार ती थोडी वीज.

भट्टी नकोच, असे हे म्हणणे नाही. रुग्णालयातल्या काही कचऱ्याला जाळण्यावाचून गती नाही. वापरलेले सॅनिटरी पॅड, डायपर, चपलांचे रेक्झिन, चिप्सची चकचकीत पाकिटे यांचे दुसरे काही होत नाही. ते कांजूरच्या खाडीकाठी शतकभर पडून राहण्यापेक्षा नीट चालवलेल्या भट्टीत गेलेले बरे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी हीच रेघ आखून दिली होती. किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक उष्मांक असलेला, वेगळा केलेला, पुन्हा वापरता न येणारा कचरा जाळण्याकडे वळवा, असे ते सांगत होते. त्या रेघेच्या आत राहून भट्टीचे माप काढले असते तर ६०० टनांची निघाली नसती, छोटी निघाली असती. पालिकेची सुरुवात तर ३,००० टनांच्या निविदेपासून झाली होती. ती पेलली नाही म्हणून आकडा ६०० वर आला. म्हणजे माप कचऱ्यावरून ठरले नाही, निविदेला प्रतिसाद मिळेना म्हणून ठरले.

ओल्या कचऱ्याचे काय करायचे हे मुंबईला शिकवायला कुणी बाहेरून यायची गरज नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ तंत्र देवनारपासून हाकेच्या अंतरावर, तुर्भ्यात जन्मले. ते ओल्या कचऱ्यातून जळणारा वायू आणि खत देते. स्त्री मुक्ती संघटनेने कचरा वेचणाऱ्या बायांना ‘परिसर भगिनी’ म्हणून उभे केले, त्यांना बायोगॅस आणि खताचे काम शिकवले. वस्ती-पातळीच्या कचरा व्यवस्थापनाची, एएलएमची, सुरुवात १९९६-९७ च्या सुमारास घाटकोपरच्याच जोशी लेनमधून झाली. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा उचलते आहे आणि त्याच पुण्यात हडपसरच्या रामटेकडीवरचा ७०० टनांचा वीजप्रकल्प सांगितला तसा कधीच चालला नाही. ही दोन्ही उदाहरणे एकाच शहरातली आहेत, धोरण ठरवणाऱ्यांनी ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

नियमही आहेत. २ ऑक्टोबर २०१७ पासून २० हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आपल्या आवारातच जिरवावा, असे पालिकेने फर्मावले. नोटिसा गेल्या, सोसायट्यांनी जागा नसल्याचे सांगितले, काहींनी यंत्रे घेतली आणि ती वासामुळे किंवा वीजबिलामुळे बंद पडली. पुढे रेटा ढिला पडला. इथे पालिकेने हात सोडला, हे तिच्या कचरा धोरणातले सर्वांत मोठे अपयश आहे, देवनारच्या उशिरापेक्षाही मोठे. अंधेरीतल्या एखाद्या मोठ्या संकुलाने रोजचा दोनशे किलो ओला कचरा आवारात जिरवला, तर तेवढी दुर्गंधी विक्रोळीला जात नाही, तेवढा डिझेलचा धूर द्रुतगती मार्गावर होत नाही आणि राहिलेला सुका कचरा खरोखर सुका राहतो. तो वेचणाऱ्या बाईचा हात चिखलात जात नाही आणि भट्टीलाही जळण म्हणून हवे ते मिळते. जागेची अडचण खरी आहे, चाळींत आणि झोपडपट्टीत तर फारच. तिथे पालिकेने प्रभागातच छोटे बायोगॅस प्रकल्प द्यावेत. पण ज्यांच्या आवारात दोन मजली वाहनतळ आणि पोहण्याचा तलाव बसतो, त्यांना खताच्या चार पेट्यांना जागा नाही हे मान्य करता येणार नाही.

देवनारची भट्टी आता मागे फिरवता येणार नाही. मग निदान पुढच्या गोष्टी पालिकेकडून लेखी घ्याव्यात. दारात येणाऱ्या प्रत्येक गाडीतला ओलावा मोजला जावा आणि मर्यादेपेक्षा ओली गाडी परत पाठवली जावी. भट्टीच्या आधी निवडणीची शेड असावी आणि तिथे गोवंडी-मानखुर्दच्या कचरावेचकांना पगारावर काम मिळावे. पिढ्यान्पिढ्या त्या डोंगरावर त्यांनी फुकट हेच केले आहे. ठरलेले टन न दिल्यास शहराने दंड भरायचा असे एखादे कलम करारात असेल तर ते उघड करावे आणि काढून टाकावे. डायॉक्सिनचे नमुने ठेकेदाराला आधी न कळवता घेतले जावेत, दर तीन महिन्यांनी, बाहेरच्या प्रयोगशाळेकडून. अहवाल शिवाजीनगरच्या पालिका दवाखान्यात मराठी, हिंदी आणि उर्दूत लागावा, आणि त्याच्याशेजारी त्या तिमाहीत तिथे आलेल्या दम्याच्या व खोकल्याच्या रुग्णांची संख्याही. दुसऱ्या टप्प्यातल्या १,२०० टनांचा विषय मात्र, पहिल्या भट्टीत वर्षभर काय पडले आणि कुठून आले याचा हिशेब महासभेत मांडून होईपर्यंत, पालिकेने पटलावर आणू नये.